पाड्यापासून दवाखान्यापर्यंत : शहापूर-मुरबाडकडचे नेहमीचे प्रश्न

मी शहापूर तालुक्यातला. डॉक्टर नाही, सरकारी नोकरही नाही. पण गेली बारा वर्षं आमच्या गावात आणि आसपासच्या पाड्यांवर कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं की बहुतेक वेळा मला फोन येतो. रात्री दीडला येणारे प्रश्न त्याच त्या गोष्टींचे असतात, म्हणून इथे एकदा लिहून ठेवतोय. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. जव्हार-मोखाडा तिकडे गेले, पण डोळखांब, किन्हवली, टोकावडे, मोरोशी हा सगळा डोंगरपट्टा ठाण्यातच राहिला. हे लिखाण या पट्ट्यातल्या लोकांसाठी आहे आणि इथून कामाला ठाणे-नवी मुंबईत गेलेल्या त्यांच्या मुलांसाठीही.

साधा ताप, खोकला, जुलाब असेल तर थेट शहापूरला जायचं का?

नको. आधी उपकेंद्रात जा. आदिवासी आणि डोंगरी भागात ३,००० लोकवस्तीमागे एक उपकेंद्र आणि २०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा नियम आहे. सपाटीला हेच आकडे ५,००० आणि ३०,००० आहेत. उपकेंद्रात नर्सबाई असतात, बऱ्याच ठिकाणी आता समुदाय आरोग्य अधिकारीही असतात. बीपी, साखर, मलेरियाची तपासणी तिथेच होते, गोळ्या मिळतात. गरज वाटली तर ई-संजीवनीवरून, म्हणजे इंटरनेटवरून डॉक्टरांशी बोलायच्या सरकारी सेवेवरून, मोठ्या डॉक्टरांशी बोलणंही करून देतात, फक्त रेंज हवी. पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, डॉक्टर आणि प्रसूतीची सोय असते. त्यापुढे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, मग ठाण्याचं सिव्हिल, म्हणजे जिल्हा रुग्णालय.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केसपेपरचे पैसेसुद्धा द्यायचे नाहीत. महापालिकेची रुग्णालयं आणि मेडिकल कॉलेजं यांचे नियम वेगळे असतात, तिथे काउंटरवर विचारून घ्या.

१०८ ला फोन करायचा की १०२ ला?

बाई गरोदर आहे, बाळंतीण आहे किंवा बाळ एक वर्षाच्या आतलं आहे, तर १०२. अपघात, साप, छातीत दुखणं, झटके, बेशुद्ध माणूस असं काही असेल तर १०८. बाळंतपणातच रक्त जायला लागलं, फिट आली, तर मात्र १०८ च लावा, कारण त्या गाडीत डॉक्टर असतो. दोन्ही गाड्या फुकट आहेत. ड्रायव्हरने डिझेलचे पैसे मागितले तर देऊ नका.

फोनवर बोलताना आपली माणसं गडबडतात. समोरचा माणूस पुण्यातल्या कॉल सेंटरवरून बोलत असतो. त्याला "वडाच्या पाड्यावर या" म्हटलं तर काय कळणार? आधी जिल्हा, तालुका, जवळची पीएचसी सांगा. मग डांबरी रस्त्याला लागून असलेली शाळा किंवा पूल सांगा आणि तिथे बॅटरी घेऊन माणूस उभा करा. ज्या फोनवरून बोललात तो फोन गाडी येईपर्यंत मोकळा ठेवा. एकदा आमच्याकडची गाडी पंचवीस मिनिटं दुसऱ्याच फाट्यावर उभी होती आणि ड्रायव्हर फोन लावत होता तेव्हा घरचे त्याच फोनवरून पाहुण्यांना कळवत होते.

आमच्या पाड्यापर्यंत गाडी येतच नाही. मग?

मग झोळी, म्हणजे बांबूला चादर बांधून त्यात पेशंटला खांद्यावरून न्यायचं. हे लिहिताना मला लाज वाटते, पण आजही पावसाळ्यात कितीतरी पाड्यांवर दुसरा उपाय नाही, तेव्हा ती नीट कशी करायची ते तरी सांगतो.

बांबू ओला आणि जाड घ्या, वाळका मधेच मोडतो. गोधडीपेक्षा चादर बरी, कारण गोधडी भिजली की वजन दुप्पट होतं. गाठ दोनदा मारा आणि तिच्यावरून दोरी आवळा. दोघं खांद्याला, दोघं बदलीला, एक जण पुढे बॅटरी आणि काठी घेऊन, एक बाई पेशंटबरोबर. सहा माणसांशिवाय निघू नका. गरोदर बाईला उताणी झोपवू नका, डाव्या कुशीवर ठेवा. वरून प्लॅस्टिक टाका, पण तोंड उघडं ठेवा.

माझ्या चुलत वहिनीला आम्ही असंच आणलं होतं. जुलैची रात्र, ओढा भरून वाहत होता. पाणी उतरेपर्यंत पाऊण तास काठावर उभे राहिलो. बांबू खाली ठेवता येत नव्हता, खाली सगळा चिखल, म्हणून खांदे बदलत राहिलो. शेवटी तिथेच, प्लॅस्टिकच्या आडोशाला, मूल झालं. आशाताईंनी बाळाला कोरड्या ओढणीने पुसलं, तसंच आईच्या छातीवर ठेवलं आणि दोघांना एकाच चादरीत गुंडाळलं. नाळेला हात लावू दिला नाही, ती पीएचसीत कापली. दोघं वाचली. पण वहिनीला कळा दुपारी चारला सुरू झाल्या होत्या आणि आम्ही निघालो रात्री नऊला. "बघू थोडा वेळ" म्हणण्यात गेलेले ते पाच तास मला अजून छळतात. चारला ओढ्याला घोट्याएवढं पाणी होतं.

रस्त्यासाठी ग्रामसभेत ठराव करून घ्या, दरवर्षी करा आणि त्याची प्रत जपून ठेवा. आणि ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडे वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत निधी येतो. तातडीच्या वेळी गरीब पेशंटच्या प्रवासाला त्यातून मदत करता येते. हे पुष्कळ सरपंचांनाही माहीत नसतं.

बाळंतपणाची तारीख जवळ आली आहे, तयारी काय करू?

पावसाळ्यातली तारीख असेल तर कळांची वाट बघू नका. आठ दिवस आधी बाईला रस्त्याला लागून असलेल्या नातेवाइकांकडे आणून ठेवा. आदिवासी भागातल्या काही पीएचसीत यासाठीच 'माहेरघर' असतं, तिथे बाळंतपणाआधी काही दिवस राहता येतं. तुमच्या केंद्रात ते आहे का हे आशाताईंना सातव्या महिन्यातच विचारा.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. त्यात साधं बाळंतपण असो की सिझर, औषधं, रक्त, तपासण्या, दवाखान्यातलं जेवण, घरून नेणं, पुढच्या दवाखान्यात पाठवणं आणि घरी परत सोडणं, सगळं मोफत आहे. बाळ वर्षाचं होईपर्यंत त्याचेही उपचार मोफत. तरीही बाहेरून औषध आणा म्हणून चिठ्ठी हातात दिली जाते. आमच्या एका मावशीने सलाइन, सुया आणि हातमोजेसुद्धा समोरच्या मेडिकलमधून आणले होते, ९४० रुपयांचे. नवऱ्याची तीन दिवसांची मजुरी. अशा वेळी भांडू नका. "ही चिठ्ठी तुमच्या सही-शिक्क्यासह द्या" एवढंच म्हणा. बऱ्याचदा औषध आतूनच निघतं. नाही निघालं तर ती चिठ्ठी आणि बिल तक्रारीला कामाला येतं.

पहिल्या बाळंतपणाला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००. खातं बाईच्याच नावावर आणि आधारला जोडलेलं लागतं. ते लग्नानंतर लगेच करून घ्या, नवव्या महिन्यात बँकेच्या रांगेत उभं राहायला लावू नका.

साप चावला तर भगताकडे न्यायचं की नाही?

भगताशी, म्हणजे मंत्र-तोडगे करणाऱ्याशी, माझं वैर नाही. तो आपल्यातलाच माणूस आहे आणि घरच्यांना त्याचा धीर वाटतो. म्हणून मी एकच सांगतो: भगताला गाडीत बरोबर घ्या. जे काही म्हणायचं ते वाटेत म्हणू दे, गाडी थांबवायची नाही. आमच्याकडचे एक म्हातारे भगत आता स्वतःच "आधी दवाखाना" म्हणतात, आणि त्यांच्या एका शब्दाने जेवढी माणसं वाचली तेवढी माझ्या शंभर शब्दांनी वाचली नसतील.

आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप मुख्य. सर्पदंशावरची लस या चारही सापांवर चालते, आणि ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. त्यामुळे साप कुठला हे ओळखायला त्याच्या मागे धावू नका, मारून पिशवीत आणू नका.

करायचं एवढंच. माणसाला चालू देऊ नका. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून, हाड मोडल्यावर ठेवतात तसा, स्थिर ठेवा. अंगठी, बांगड्या, जोडवी काढा, कारण सूज चढते. आवळून दोरी बांधू नका, ब्लेडने कापू नका, तोंडाने ओढू नका. घोणस चावली असताना कापलं तर रक्त थांबत नाही.

मण्यारीचं मात्र वेगळं आहे. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि कित्येकदा दुखतसुद्धा नाही. पहाटे पोटात कळ येते, मग पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. पावसाळ्यात अंथरुणातून उठलेल्या माणसाच्या पापण्या खाली येत असतील तर अंगावर खूण दिसत नसली तरी गाडी बोलवा. आणि जमलं तर खाटेवर झोपा, निदान मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा.

दवाखान्यात डॉक्टर रक्त काचेच्या कोऱ्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता उभं ठेवतात. घरच्यांना वाटतं काहीच करत नाहीत, नुसते बसलेत. तसं नाही. वीस मिनिटांनी नळी तिरकी केल्यावर रक्त गोठलेलं नसेल, पाण्यासारखं वाहिलं, तर विष रक्तात भिनलंय हे कळतं आणि लस सुरू होते. मी ती नळी तिरकी होताना पाहिली आहे. त्या वेळी आरडाओरडा करू नका, नळीला धक्का लागू देऊ नका.

विंचू, कुत्रा?

विंचवाच्या दंशाने घाम फुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर लगेच पीएचसी. लहान मुलांना धोका जास्त. यावर प्राझोसिन नावाची साधी गोळी चालते. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी कोकणातल्या पेशंटांवर काम करून ती जगापुढे आणली.

कुत्रा चावला तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा. मिरची, हळद, चुना काही लावू नका. इंजेक्शनं पहिल्या दिवशी (तो शून्य धरा), मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त निघालं असेल तर जखमेत भरायचं वेगळं इंजेक्शनही लागतं. ते पीएचसीत नसेल तर कुठे मिळेल ते लिहून घ्या आणि त्याच दिवशी तिथे जा.

लावणीनंतर अंगदुखी आणि ताप आला आहे. नेहमीचाच असेल ना?

भातखाचरात दिवसभर उभं राहिल्यावर ताप आला, पोटऱ्या खूप दुखतायत, डोळे लाल झालेत, तर तो लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो. उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या चिरांमधून तो शिरतो. सुरुवातीला साध्या गोळ्यांनी बरा होतो, उशीर झाला तर मूत्रपिंडावर जातो. डॉक्टरांना "चिखलात काम केलंय" हे आपणहून सांगा.

पीएचसीत गेलो तर डॉक्टर नव्हते. नंतर पुढे पाठवलं, तिथून आणखी पुढे. असं किती फिरायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याचं उत्तर देताना माझा घसा दाटतो. पीएचसीतून शहापूर किंवा मुरबाड, तिथून ठाण्याचं सिव्हिल नाहीतर उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, तिथून कळवा, तिथून मुंबईचं जे.जे. किंवा सायन. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर, नवी रांग, आणि माणूस स्ट्रेचरवर. माझ्या सख्ख्या काकांना आम्ही एका रात्रीत तीन दवाखान्यांच्या दारात नेलं. दुसऱ्या ठिकाणी दिलेल्या चिठ्ठीवर फक्त "पुढील उपचारासाठी" एवढंच लिहिलेलं होतं. कुठलं इंजेक्शन दिलं, किती वाजता, काहीच नाही. तिसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मला सांगता येईना. काका पहाटे गेले. त्या रात्रीपासून मी पुढच्या गोष्टींना नियम केलाय.

पुढे पाठवत असतील तर चार गोष्टी लिहून घेतल्याशिवाय गाडीत बसू नका: काय झालंय असं वाटतं, काय औषध दिलं आणि किती वाजता, पुढे नेमक्या कुठल्या रुग्णालयात पाठवतायत, आणि तिथे फोन करून खाट किंवा त्या विषयाचा डॉक्टर आहे का विचारलं का. हा फोन त्यांनीच करायचा असतो. तुम्ही शांतपणे "साहेब, तिथे एकदा फोन लावा ना" म्हणा. सगळ्या कागदांचे मोबाइलवर फोटो काढा. गाडीही त्यांनीच द्यायची आहे, बाहेरची करायला सांगितलं तर १०८ लावा.

ठाण्याच्या सिव्हिलला, म्हणजे टेंभी नाक्याजवळच्या विठ्ठल सायन्ना रुग्णालयात, जाणाऱ्यांना एक सूचना. जुन्या जागी मोठं रुग्णालय बांधायला घेतल्यावर तिथला कारभार मनोरुग्णालयाच्या आवारात हलवला होता. तुमचा विभाग सध्या कुठे चालतो ते निघण्याआधी विचारा. रिक्षा चुकीच्या गेटवर गेली तर पेशंटला घेऊन परत फिरावं लागतं.

डॉक्टर जागेवर नसल्याची तक्रार तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि ठाणे जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी द्या. तारीख, वेळ लिहा, पोच घ्या. १०४ या आरोग्य हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते. आणि एक मनापासून: समोर जी एकटी नर्सबाई रात्रपाळीला असते तिच्यावर ओरडू नका. ती जागेवर आहे म्हणूनच ती तुमच्या समोर दिसतेय.

५ लाखांच्या योजनेत आपण बसतो का?

बसता. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतशी जोडली आहे, आणि पिवळं-केशरी रेशनकार्डच नाही तर पांढरं असलेल्या कुटुंबालाही त्यात घेतलंय. वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत. रेशनकार्ड नसेल तर रहिवासी दाखला चालतो. ओळखपत्र लागतंच.

फक्त ही दाखल झाल्यावर होणाऱ्या उपचारांची योजना आहे, बाहेरच्या बाहेर दाखवून यायची नाही. आणि यादीतल्या रुग्णालयातच ती लागू होते, तेही यादीतल्या आजारालाच. म्हणून दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे या योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या, टेबलाशी जा. डिपॉझिट भरल्यावर जाल तर उशीर झालेला असतो. तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून देता येतात. हेल्पलाइन १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००.

धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या खासगी रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ठाणे-नवी मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात गेलात तर "हे धर्मादाय आहे का, समाजसेवक कुठे बसतात" हे आधी विचारा.

आम्ही दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातो. मुलांची लस, बायकोची तपासणी राहून जाते.

राहू देऊ नका. माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर न्या. भिवंडीत असा की कल्याणला, जवळच्या कुठल्याही सरकारी केंद्रात पुढची लस मिळते, "तुम्ही इथले नाही" म्हणून परत पाठवता येत नाही. कार्ड भट्टीवरच्या झोपडीत भिजतं, फाटतं, म्हणून ते दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून छपराच्या वाशाला बांधा. एका कातकरी बाईने मला ही युक्ती दाखवली, तिच्या तिन्ही मुलांची कार्डं नव्यासारखी करकरीत होती. निघायच्या आधी आशाताईंना भट्टीचं गाव सांगा, म्हणजे त्या तिकडच्या आशाला कळवू शकतात.

मूल वाळत चाललंय, अंगणवाडीत वजन कमी सांगितलं.

खाऊ घालून बघू म्हणत महिना घालवू नका. अंगणवाडी ताईंकडून दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी लावून घ्या. लाल आली किंवा पायावर सूज असली तर डॉक्टरांना दाखवून पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करायला सांगा. घरी बाकीची मुलं असतात, लावणी असते, आईला दोन आठवडे राहणं जड जातं हे मला ठाऊक आहे. आजीला पाठवा, पण मूल न्या. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला पथक येतं त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. हृदयाला छिद्र असेल तर ते तिथे सापडतं आणि पुढचं ऑपरेशनही मोफत होतं.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला?

थुंकी तपासा. टीबीचे उपचार पूर्ण मोफत, शिवाय औषध चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये खात्यात. बरं वाटलं तरी गोळ्या सोडू नका.

घरातला माणूस गप्प झालाय, मरायच्या गोष्टी करतो.

१४४१६ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. त्याला एकटं सोडू नका, शेतातली फवारणीची औषधं कुलपात ठेवा. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. तिथली ओपीडी इतर दवाखान्यांसारखीच: दाखवायचं, औषध घ्यायचं, घरी यायचं. तिथे नेलं म्हणजे 'ठेवलं' असं होत नाही.

मी ऐरोलीत नोकरीला आहे, आईबाप गावी. इथून काय करू शकतो?

पुष्कळ. आशाताई, नर्सबाई आणि गावातला एक गाडीवाला, या तिघांचे नंबर स्वतःकडे ठेवा आणि आईच्या फोनमध्ये १, २, ३ वर टाका. वडिलांच्या बीपीच्या गोळ्या उपकेंद्रात मिळतात, तिथे त्यांचं नाव लावून घ्या. रेशनकार्ड, आधार यांचे फोटो तुमच्या मोबाइलमध्ये असू द्या. आणि त्यांना ठाण्याला पाठवलं तर कसाऱ्याची लोकल धरून गावाकडे येण्यापेक्षा तुम्ही सरळ सिव्हिलला पोचा, केसपेपर काढून ठेवा. गाडी गेटवर येईल तेव्हा रांगेत तुमचा नंबर लागलेला असेल.

बाळंतीण सोडली. आता घरी कसं न्यायचं?

डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळीच वॉर्डातल्या सिस्टरना "उद्या गाडी हवी" सांगा, सकाळी सांगितलं तर दुपार होते. घरी सोडणं मोफत आहे. पण गाडी रस्ता संपेल तिथपर्यंतच येणार. पुढे चालायचं असेल तर उन्हाच्या आत उतरा, फाट्यावर दोन माणसं आणि पाण्याची बाटली तयार ठेवा. बाळ आजीकडे द्या, बाईच्या हातात काही देऊ नका. ओढ्यावर दगड निसरडे असतील तर तिला परत झोळीतूनच न्या. टाके ताजे असतात.